बाबांचं मशीन कोण धुतं?



मागच्या अंकात वॉशिंग मशीनच्या जाळीवर लिहिलं होतं. त्यावर जे निरोप आले त्यांत वॉशिंग मशीनबद्दल दोन प्रश्न होते आणि एका भलत्याच यंत्राबद्दल सात. रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं ते सीपॅप मशीन. विचारणारे सगळे विशी-तिशीतले. मशीन मात्र त्यांच्यापैकी कुणाचंच नाही. कुणाच्या बाबांचं, कुणाच्या आजीचं, एकाच्या सासऱ्यांचं.

देवासच्या एका मुलीने लिहिलंय की बाबांनी दीड महिन्यापासून मशीन लावणंच सोडलंय. ‘त्याला वास येतो’ म्हणतात. घरात सगळ्यांची समजूत अशी की हे निमित्त आहे, बाबा मुळातच हट्टी. मी तिला एवढंच कळवलं की आधी पाण्याची टाकी उघडून बघ, मग हट्टाचं ठरव. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला : टाकीच्या तळाशी गुलाबीसर, बुळबुळीत थर आहे. म्हणजे बाबा खरंच बोलत होते. त्या थरावरून आलेली हवा रोज सात तास नाकात घ्यायची, तर मीही मशीन काढूनच ठेवलं असतं.

म्हणून आजचा लेख या मशीनच्या धुण्यापुसण्यावर. विषय किरकोळ वाटेल, पण मशीन अस्वच्छ झालं की माणूस ते गुपचूप लावेनासा होतो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. मोठी माणसं अशा गोष्टी सांगत नाहीत. मुलांना कशाला त्रास, म्हणून गप्प बसतात.

मशीन करतं काय, ते आधी थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बुजते आणि श्वास दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त अडतो. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा घोर मारून पुन्हा श्वास घेतो. हे रात्रभर चालतं. तासाला असं पाच ते पंधरा वेळा झालं तर त्रास सौम्य, पंधरा ते तीस वेळा म्हणजे मध्यम आणि तिसाच्या वर गंभीर. सीपॅप हवेच्या दाबाने ती वाट उघडी धरून ठेवतं. एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली. तेव्हा मास्क रोज रात्री नाकावर चिकटवावा लागे. आजचा मास्क कितीही डोईजड वाटला तरी त्या मानाने बरा.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट ही की मशीन रोग बरा करत नाही. ज्या रात्री लावलं, त्या रात्रीपुरतं काम करतं. आठ-दहा दिवस बाजूला ठेवलं की घोरणं परत, दिवसाची पेंग परत, आणि ज्याचं रक्तदाबाचं दुखणं आहे त्याचं तेही बिघडायला लागतं. बाबा अजून स्वतः गाडी चालवत असतील, इंदूरहून धुळ्याकडे जाताना स्टिअरिंगवर तेच असतील, तर त्या पेंगेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता मशीनकडे वळू. आणखी एक गैरसमज आधी दूर करतो. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नव्हे. ते खोलीतलीच हवा ओढतं, दाब देऊन नाकाकडे पाठवतं. खोलीत उदबत्ती असेल तर तिचा धूर, डासांची कॉइल असेल तर तिचा, आणि ड्रेसिंग टेबलावर मशीन ठेवलं असेल तर टाल्कम पावडरसुद्धा. हा शेवटचा प्रकार आपल्या घरांत फार दिसतो, कारण पलंगाजवळ तेवढंच एक सपाट फर्निचर असतं. मशीनची जागा बदला. लहानसं स्टूल चालेल, पण ते गादीपेक्षा थोडं खाली हवं, म्हणजे नळीत जमलेलं पाणी तोंडावर न येता मागे टाकीकडे उतरेल. अगदी जमिनीवरही नको, तिथे धूळ आणि मुंग्या. मागच्या बाजूला पडदा चिकटलेला नको, हवा तिथूनच आत जाते.

सगळ्यांत जास्त मळतो तो मास्क. चेहऱ्याला लागणारी सिलिकॉनची मऊ गादी रोज सकाळी पुसायची किंवा धुवायची. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण पुरे. बोटांनी चोळा, नीट खळबळून घ्या, सावलीत वाळत ठेवा. गॅलरीतल्या दोरीवर उन्हात नको, उन्हाने सिलिकॉन कडक पडतं.

हे रोज का, ते सांगतो. चेहऱ्याचं तेल गादीवर बसतं आणि ती निसरडी होते. निसरडी झाली की हवा बाजूने फुसफुसते, बहुधा डोळ्यांत. मग बाबा मागचे पट्टे आवळतात. आवळल्याने नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो, चार दिवसांत तिथे जखम होते, आणि पाचव्या दिवशी मास्क उशाशी पडून राहतो. सुरुवात कशाने झाली? न धुतलेल्या गादीने. बाबांच्या नाकावर वळ दिसला तर पट्टे किती घट्ट आहेत ते बघाच, पण त्याआधी गादी धुवा.

रात्री मास्क लावण्यापूर्वी चेहरा धुतलेला असावा. आपल्याकडे झोपताना डोक्याला खोबरेल, चेहऱ्याला क्रीम आणि सर्दी असेल तर नाकाला बाम, अशी सरबराई चालते. खोबरेल डोक्यापुरतं राहू दे. बाम आणि त्यावर मास्क हे मात्र बंद करा. त्या तेलकटपणाने गादी लवकर खराब होते आणि तो उग्र वास रात्रभर कोंडून नाकात जात राहतो, ते वेगळंच.

मास्कच्या पुढच्या भागावर बारीक छिद्रं असतात. श्वास सोडल्यावर वापरलेली हवा तिथूनच बाहेर पडते. ती मऊ ब्रशने साफ ठेवा. एका घरात मी या छिद्रांवर चिकटपट्टी लावलेली पाहिली आहे, कारण त्या फुसफुशीने काकूंची झोपमोड व्हायची. पट्टी लावली की सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते. हे धोक्याचं आहे. काकूंना कापसाचे बोळे द्या, छिद्रांना हात लावू नका.

डोक्यामागचे पट्टे आठवड्यातून एकदा हाताने धुतले की झालं. पिळून मुरगळू नका, इस्त्री तर नकोच.

नळीही आठवड्यातून एकदा. बादलीत कोमट साबणाचं पाणी घ्या, नळी बुडवून हलवा, नळाखाली आतून पाणी सोडा आणि दोन्ही टोकं खाली राहतील अशी दांडीवर टाका. उन्हाळ्यात दुपारपर्यंत वाळते. पावसाळ्यात मात्र संध्याकाळीही आत थेंब दिसतात. अशा वेळी नळी झटकून पाणी काढायचं, मशीनला जोडायची आणि मास्क न लावता थोडा वेळ हवा सोडायची. गरम होणारी नळी असेल तर तिच्या टोकाला विजेच्या जोडणीच्या पट्ट्या असतात. त्या पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय जोडू नका, आणि ती पाण्यात बुडवलेली चालते का हे पुस्तिकेत आधी पाहा.

आता पाण्याची टाकी. सातपैकी चार प्रश्न हिच्याबद्दलच होते, म्हणून जरा सविस्तर.

दाबाच्या हवेने नाक-घसा कोरडा पडतो, म्हणून मशीन हवा कोमट पाण्यावरून नेतं. कोमट पाणी, अंधार, बंद डबी. बुरशीला आणि जंतूंना आणखी काय हवं? म्हणून नियम असा की सकाळी उरलेलं पाणी ओतून द्यायचं, टाकी साबणाने धुऊन उघडीच वाळत ठेवायची आणि रात्री झोपताना ताजं पाणी खुणेपर्यंत भरायचं. काल अर्धी उरली होती म्हणून आज वरून भर घालायची, असं करायचं नाही. देवासच्या घरात नेमकं हेच चाललं होतं. आजी तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून देते आणि सकाळी ताजं भरते, तोच शिरस्ता इथेही पाळायचा.

पाणी कोणतं? पुस्तिकांमध्ये डिस्टिल्ड म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी लिहिलेलं असतं आणि ते खरंच उत्तम. कारण त्यात क्षार नसतात. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड आणि बाकी दिवस बोरिंग, असा कारभार असतो. बोरिंगचं पाणी टाकीत घातलं तर आठवड्याभरात पांढरा थर दिसेल, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. थर बसला की पाणी नीट तापत नाही आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागात जंतूंना घर मिळतं.

आरओचं पाणी चालेल का, असं तिघांनी विचारलंय. नळाच्या पाण्यापेक्षा बरं, पण आरओने क्षार पूर्ण जात नाहीत, शिवाय त्याच्या साठवणीच्या टाकीत पाणी किती वेळ पडून असतं कुणास ठाऊक. उकळलेल्या पाण्याचं उलटं आहे. जंतू मरतात, क्षार जिथल्या तिथे राहतात. डिस्टिल्ड मिळालं नाही तर आरओचं पाणी उकळून, झाकून गार केलेलं वापरा आणि टाकी जास्त वेळा तपासा. एखाद्या रात्री तेही नसेल तर बहुतेक मशीनं पाण्याशिवायही चालतात. घसा थोडा कोरडा पडेल, पण श्वास अडणार नाही. पाणी नाही म्हणून मशीनच न लावणं हा वाईट सौदा.

दोन पाणी मात्र अजिबात नकोत. एक, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी कॅनमध्ये मिळतं ते. कॅनवर डिस्टिल्ड लिहिलेलं असलं तरी ते माणसाने श्वासात घ्यायच्या हिशेबाने भरलेलं नसतं, आणि त्याच दुकानात शेजारी ॲसिडचे कॅनही असतात. दुसरं, एसीच्या नळीतून टपकणारं. हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी म्हणजे डिस्टिल्डच की, हा युक्तिवाद मी एका इंजिनिअर तरुणाकडूनच ऐकला आहे. वाफेपुरता तो बरोबर आहे. पण ते पाणी एसीच्या धुळीने आणि शेवाळाने भरलेल्या ट्रेमधून फिरून येतं, त्याचं काय? पाण्यात गुलाबपाणी, निलगिरीचे थेंब, कापूर यांतलंही काही घालायचं नाही. फुप्फुसांना तेलाची वाफ सोसत नाही.

पांढरा थर बसलाच असेल तर साधं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी दहा भाग, असं मिश्रण टाकीत अर्धा तास ठेवा, मग वास जाईपर्यंत खळबळून धुवा. तरी थर निघत नसेल, टाकीला तडा गेला असेल किंवा ती धुरकट झाली असेल तर नवी घ्या. आणि एक : टाकीत पाणी असताना मशीन उचलून इकडेतिकडे नेऊ नका. पाणी मोटरीत शिरलं की दुरुस्तीचा आकडा डोळे पांढरे करतो. प्रवासाला निघतानाही आधी टाकी रिकामी आणि कोरडी.

मशीनच्या मागे किंवा बाजूला छोटी झडप असते, तिच्या आत फिल्टर. पांढरा, कागदासारखा असेल तर तो धुवायचा नाही, बदलायचा. महिन्यातून एकदा काढून उजेडात धरा, करडा झाला असेल तर टाकून द्या. घर मोठ्या रस्त्यावर असेल तर महिन्याच्या आधीच करडा होईल. दिवाळीनंतर तर तारीख न बघता बदला, फटाक्यांच्या धुराने त्याची दशा बघण्यासारखी होते. काही मशीनांत काळ्या स्पंजचा फिल्टर असतो, तो साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावर परत बसवायचा. ओला फिल्टर बसवू नका. फिल्टर स्वस्त असतात, पाच-सहा एकदम आणून ठेवा. घरातल्या सर्जिकल मास्कचा तुकडा कापून बसवण्याची कारागिरी करू नका.

मशीनचं अंग आठवड्यातून एकदा, प्लग काढून, ओलसर फडक्याने पुसायचं. फवारा मारायचा नाही.

साफसफाईच्या उत्साहात काय वापरू नये तेही सांगतो, कारण करोनानंतर आपला हात पटकन सॅनिटायझरकडे जातो. ब्लीच, स्पिरिट, सॅनिटायझर, डेटॉलसारखं उग्र वासाचं काहीही नको. सिलिकॉन खराब होतं आणि वास दिवसेंदिवस जात नाही. ऑनलाइन बाजारात ‘साबण-पाण्याशिवाय सीपॅप साफ करा’ म्हणणारे ओझोनचे डबे मिळतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये ओझोन आणि अतिनील किरणांच्या अशा साफसफाई यंत्रांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली अनेक सीपॅप आणि बायपॅप मशीनं परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत घातलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याची शक्यता होती. ओझोनने ती झीज वाढू शकते, असं तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं. घरात जुनं मशीन असेल तर त्याचा क्रमांक या यादीत होता का हे विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून तपासून घ्या. तोवर आपल्या मनाने मशीन बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

यावरून दुसऱ्याचं मशीन घेण्याची गोष्ट निघते. आपल्या मंडळात हे होतं, आणि भावना चांगलीच असते. एखादे काका गेले, कपाटात मशीन पडून आहे, हजारो रुपयांची वस्तू, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावी असं काकूंना वाटतं. जरूर द्यावी. पण त्यातला हवेचा दाब त्या काकांसाठी लावलेला असतो. मशीन जसंच्या तसं लावून झोपायचं नाही, आपल्या डॉक्टरांकडून दाब नव्याने ठरवून घ्यायचा. मास्क, नळी, फिल्टर आणि टाकी नवीन. उरलं फक्त यंत्र, तेवढंच घ्यायचं.

आता शीर्षकातला प्रश्न. बहुतेक घरांत याचं उत्तर ‘कुणीच नाही’ किंवा ‘आई, आठवलं तर’ असं आहे. सकाळचं काम पाच मिनिटांचं आहे : टाकी ओतली, धुतली, गादी पुसली, उघडं ठेवलं. बाबांना गुडघ्यांमुळे वाकता येत नसेल, बारीक खाचा दिसत नसतील, तर हे काम घरातल्या एका तरुण माणसाच्या नावावर लावा. ‘सगळे मिळून करू’ म्हणालात की कुणीच करणार नाही. नळी-पट्टे रविवारी, पोहे होईपर्यंत उरकतात. आणि ते करताना बाबांना व्याख्यान देऊ नका. मास्क लावून झोपायची त्यांना आधीच थोडी लाज वाटत असते.

तुम्ही पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला असाल तर व्हिडिओ कॉलवर ‘मशीन लावता ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. सकाळी मशीनचा पडदा कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. रात्री किती तास चाललं, मास्क नीट बसला होता का आणि तासाला किती वेळा श्वास अडला, हे बऱ्याच मशीनांवर दिसतं. तास कमी होत गेले किंवा श्वास अडल्याचा आकडा वाढत गेला, तर आधी मास्कची गादी बघायला सांगा, ती जुनी होऊन हवा गळत असते. धुऊन, बदलूनही आकडा खाली आला नाही तर डॉक्टर. दाबाची बटणं आपण फिरवायची नाहीत.

शेवटी ग्वाल्हेरहून आलेला प्रश्न. थंडीत रात्री दोन-तीनच्या सुमारास आजीच्या नळीत गुडगुड आवाज येतो आणि तोंडावर पाणी उडतं, मशीन बिघडलंय का? नाही. मशीनमधून निघालेली कोमट, दमट हवा तुमच्या जानेवारीतल्या गार खोलीत नळीतच थंड होते आणि तिचं पाणी होतं. दमटपणाचा आकडा एक-दोनने कमी करा, मशीन उशीच्या खाली आहे ना ते बघा आणि नळीला कापडी खोळ शिवा. जुन्या स्वेटरची बाहीसुद्धा चालते. खोळ दर रविवारी धुवायच्या कपड्यांत टाका, आणि मास्कच्या छिद्रांवर ती सरकून येणार नाही एवढी आखूड ठेवा.

पुढच्या अंकात इन्व्हर्टरची बॅटरी. एसीचं पाणी तिला तरी चालतं का, ते तेव्हा बघू.